क्लिंकर होडीचा तयार संच : कोरड्या हवेत बांधून पाहिल्यानंतरचे परीक्षण

भरीव लाकडाची पारंपरिक होडी स्वतःच्या हाताने बांधू इच्छिणाऱ्यांसाठी सर्व भाग आखून आणि कापून देणारे संच विकत मिळतात. त्यांपैकी एका संचाचे हे परीक्षण आहे. होडी सुमारे सव्वाचार मीटर लांबीची, वल्ह्यांनी आणि एका लहान शिडाने चालणारी, क्लिंकर पद्धतीची आहे. म्हणजे तिच्या प्रत्येक फळीची खालची कड तिच्याखालच्या फळीच्या वरच्या कडेवर चढते आणि दोन्ही कडा तांब्याच्या खिळ्यांनी एकमेकींना जखडल्या जातात. निर्मात्याचे नाव येथे देत नाही, कारण पुढे येणारे बहुतेक दोष त्या एका निर्मात्यापुरते मर्यादित नाहीत. दमट किनाऱ्यावरची कार्यशाळा गृहीत धरून तयार केलेल्या कोणत्याही संचाला ते लागू पडतील. मी हा संच जेथे बांधला तेथे वर्षातील बराच काळ हवेची सापेक्ष आर्द्रता २५ ते ३० टक्क्यांच्या आसपास असते. त्या हवेत या संचातील लाकूड उत्तम ठरले, आराखडाही एक-दोन अपवाद सोडता उत्तम ठरला, माहितीपुस्तिका मात्र अनेक ठिकाणी दिशाभूल करणारी निघाली.

संचात येते ते असे : फळ्यांसाठी १० मिलिमीटर जाडीचे वेस्टर्न रेड सीडर, कील (तळाचा कणा), स्टेम (पुढचा उभा खांब) आणि ट्रान्सम (मागची सपाट बाजू) यांसाठी व्हाइट ओक, वाफेवर वाकवायच्या बरगड्यांसाठी ओकच्याच पट्ट्या, प्लायवुडमधून यंत्राने कापलेले साचे, प्रत्येक फळीचा पूर्ण आकाराचा नमुना, तांब्याचे चौकोनी खिळे आणि त्यांच्या खोलगट चकत्या, सांधे बुजवणाऱ्या सीलंटच्या नळ्या, चिकटवण्यासाठी इपॉक्सी, आणि सोबत एक लहान ओलावामापक. साच्यांची कापणी इतकी अचूक आहे की ते ताणलेल्या दोरीवर उभे केल्यावर रंध्याला जवळजवळ काम उरले नाही. सीडरमध्ये गाठी थोड्या होत्या आणि ज्या होत्या त्या पक्क्या, सुटून न येणाऱ्या होत्या. फळ्यांच्या टोकांना मेणाचा लेप दिलेला होता, ही गोष्ट लहान वाटली तरी महत्त्वाची आहे. लाकूड आपल्या टोकांतून बाजूंच्या कितीतरी पट वेगाने ओलावा सोडते आणि उघड्या टोकांना भेगा पडण्यास कोरड्या हवेत एखादा आठवडाही पुरतो.

खरा प्रश्न लाकडाच्या ओलाव्याचा आहे. कोणतेही लाकूड भोवतालच्या हवेशी जुळवून घेईपर्यंत ओलावा घेत किंवा सोडत राहते. २० अंशांच्या आसपासच्या तापमानात सापेक्ष आर्द्रता ८० टक्के असेल तर लाकूड सुमारे १६ टक्के ओलाव्यावर स्थिरावते, ६५ टक्क्यांना १२ वर, ५० टक्क्यांना ९ वर आणि २५ टक्क्यांना जेमतेम ५ टक्क्यांवर. हे टक्के लाकडाच्या पूर्ण कोरड्या वजनाच्या तुलनेत मोजलेले असतात. पुस्तिकेत एवढेच लिहिले आहे की फळ्या १५ ते १६ टक्के ओलाव्याच्या असून त्या ‘वापरास तयार’ आहेत. किनाऱ्यावर ते खरेच आहे, कारण तेथील हवेत त्या फळ्या जिथल्या तिथे राहतील. कोरड्या हवेत त्याच फळ्या वेष्टन काढल्याबरोबर दहा टक्क्यांचा प्रवास सुरू करतात आणि १० मिलिमीटर जाडीच्या फळीला त्यासाठी फार दिवस लागत नाहीत.

या दहा टक्क्यांचे मिलिमीटरमध्ये काय होते, हे समजून घेतल्याशिवाय संच उघडू नये. लाकूड लांबीच्या दिशेने जवळजवळ आकसत नाही. ते रुंदीत आणि जाडीत आकसते. रुंदीतील हे आकसणे फळी खोडातून कशी कापली यावर अवलंबून असते. फळीच्या टोकाकडे पाहिल्यावर वार्षिक वलये रुंद बाजूला साधारण समांतर दिसत असतील तर तिला आपण आडव्या वलयांची फळी म्हणू, आणि काटकोनात दिसत असतील तर उभ्या वलयांची. अगदी ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडे होईपर्यंत रेड सीडर वलयांच्या दिशेने सुमारे ५ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने सुमारे २.४ टक्के आकसते. आकसणे ओलावा सुमारे ३० टक्क्यांच्या खाली गेल्यावर सुरू होत असल्याने, दहा टक्के ओलावा कमी झाला म्हणजे या एकूण आकसण्याचा साधारण एक तृतीयांश भाग वाट्याला येतो. म्हणजे १२० मिलिमीटर रुंदीची आडव्या वलयांची फळी १६ वरून ६ टक्क्यांवर येताना २ मिलिमीटरने अरुंद होते, तर उभ्या वलयांची जेमतेम १ मिलिमीटरने. सीडर हे या बाबतीत शांत स्वभावाचे लाकूड आहे. व्हाइट ओकमध्ये वलयांच्या दिशेने हाच आकडा साडेदहा टक्के, म्हणजे सीडरच्या दुप्पट आहे.

दोन मिलिमीटर ऐकायला थोडे वाटतात. परंतु या होडीच्या प्रत्येक बाजूला आठ फळ्या आहेत आणि त्यांना आतून धरणाऱ्या बरगड्यांची लांबी त्या काळात बदलत नाही, कारण बरगडीचे तंतू तिच्या लांबीच्या दिशेने असतात. आठ फळ्या मिळून प्रत्येक बाजूला १६ मिलिमीटर आकसू पाहतात आणि बरगडी त्यांना जागचे हलू देत नाही. हा ताण कोठेतरी मोकळा होतोच, आणि बहुधा तो खिळ्यांच्या रांगेतून फळीच्या लांबीभर जाणाऱ्या चिरेच्या रूपाने होतो. म्हणूनच संचातील फळ्यांत उभ्या आणि आडव्या वलयांच्या फळ्या कोणतीही खूण न करता मिसळलेल्या असाव्यात, ही मला या उत्पादनातील सर्वांत बेफिकीर गोष्ट वाटली. कीललगतची पहिली फळी सर्वांत रुंद, दीडशे मिलिमीटरपर्यंतची असते, ती सर्वांत जास्त वेळ पाण्यात असते आणि होडी बाहेर काढल्यावर तिलाच सर्वांत मोठा बदल सोसावा लागतो. ती उभ्या वलयांचीच असायला हवी. फळ्यांची टोके पाहून ही निवड विकत घेणाऱ्यानेच करावी लागते. नमुने अदलाबदल करता येण्याइतक्या जादा लांबीच्या फळ्या संचात आहेत, त्यामुळे ती करता येते, हे निर्मात्याच्या बाजूने नमूद केले पाहिजे.

फळ्या कोणत्या ओलाव्यावर जोडायच्या, हा निर्णय पुस्तिकेने वाचकासाठी घ्यायला हवा होता. जशा आल्या तशा सोळा टक्क्यांवर जोडल्या तर पहिल्याच उन्हाळ्यात त्या चिरतील. कार्यशाळेतील हवेशी पूर्ण जुळवून पाच-सहा टक्क्यांवर जोडल्या तर होडी पाण्यात उतरल्यावर त्या खिळे आणि बरगड्यांना रेटत फुगतील, कारण पाण्याखालच्या फळ्यांचा ओलावा २० टक्क्यांच्याही वर जाऊ शकतो. मधला मार्ग १० ते ११ टक्क्यांचा आहे. तेथून दोन्ही दिशांना होणारा बदल लाकूड आणि खिळे मिळून सोसू शकतात. तो गाठण्यासाठी आणि विशेषतः टिकवण्यासाठी होडीभोवती प्लॅस्टिकच्या कापडाचा तंबू उभारून आत आर्द्रता ५५ ते ६० टक्के ठेवावी लागते. एक साधा आर्द्रतामापक, पाण्याची पसरट भांडी आणि त्यांत टोके सोडून टांगलेली कापडे एवढ्यावर ते काम भागते. वाळत घातलेल्या फळ्यांच्या थरांमध्ये सारख्या जाडीच्या पट्ट्या, एकाखाली एक येतील अशा, ठेवाव्यात आणि वर वजन ठेवावे. पुस्तिकेत फळ्या रचण्याची आकृती आहे आणि ती चांगली आहे. तिच्याखाली आर्द्रतेचा एकही आकडा नाही.

सोबत दिलेला ओलावामापक दोन सुयांचा आहे. सुया लाकडात रुतवल्या की त्यांच्यामधील विद्युतरोध मोजून तो ओलाव्याचा आकडा दाखवतो. दहा ते वीस टक्क्यांच्या पट्ट्यात तो विश्वासार्ह वाटला. परंतु सहा-सात टक्क्यांच्या खाली लाकडाचा विद्युतरोध इतका वाढतो की या प्रकारच्या कोणत्याही मापकावर विसंबता येत नाही, आणि कोरड्या हवेत नेमका तोच पट्टा वारंवार समोर येतो. शिवाय तापलेले लाकूड आहे त्यापेक्षा जास्त ओले दाखवले जाते, म्हणून दुपारी घेतलेली नोंद आणि पहाटेची नोंद एकमेकींशी जुळत नाहीत. खात्री करायची असेल तर फळीच्या मधल्या भागाचा एक छोटा तुकडा वजन करून १०३ अंशांच्या भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत वाळवावा, वजनातील घट कोरड्या वजनाने भागावी आणि शंभराने गुणावे. साडेसत्तावन्न ग्रॅमचा तुकडा पन्नास ग्रॅमवर आला तर ओलावा १५ टक्के. मापकापेक्षा या जुन्या पद्धतीवर मी अधिक भिस्त ठेवीन.

एवढी यातायात करण्यापेक्षा दुसऱ्या पद्धतीची होडी का निवडू नये, असा प्रश्न वाचकाला पडणे रास्त आहे. ज्या होडीत फळ्या कडेला कड लावून बसवतात आणि मधल्या फटीत कापूस ठासतात, त्या कार्व्हेल पद्धतीपेक्षा क्लिंकर कोरड्या हवेत निश्चितच अधिक सोसणारी आहे. कार्व्हेलमध्ये फुगणाऱ्या फळीला शेजारच्या फळीखेरीज सरकायला जागा नसते. तिच्या कडेच्या पेशी दाबाखाली कायमच्या चेपतात, आणि पुन्हा वाळल्यावर ती फळी पहिल्यापेक्षाही अरुंद होते, त्यामुळे ओलेकोरडेपणाच्या प्रत्येक फेऱ्यानंतर फट वाढत जाते. क्लिंकरमध्ये कड कडेला भिडतच नाही. फळी किंचित वाळली तरी चढलेल्या कडेचा बराच भाग एकमेकांवर टेकलेला राहतो आणि या होडीत तो २० मिलिमीटरचा आहे. २०२१ मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत समाविष्ट झालेली उत्तर युरोपातील क्लिंकर परंपरा थंड आणि दमट किनाऱ्यांवर वाढली, तरी तिचा हा गुण कोरड्या प्रदेशातही उपयोगी पडतो. म्हणून या संचाची मूळ निवड मला योग्य वाटते.

ट्रान्समबद्दल मात्र असे म्हणता येत नाही. होडीची मागची सपाट बाजू ओकच्या तीन रुंद तुकड्यांची, साडेतीनशे मिलिमीटर उंचीची आहे, आणि ते तुकडे एकत्र राहावेत म्हणून आतून दोन उभ्या पट्ट्या इपॉक्सीने पूर्ण लांबीभर चिकटवायला सांगितल्या आहेत. आडव्या वलयांचा ओक १६ वरून ६ टक्क्यांवर आला तर साडेतीनशे मिलिमीटरमध्ये सुमारे १२ मिलिमीटरने आकसतो. चिकटवलेली उभी पट्टी एक केसभरही आकसत नाही. अशा रचनेत ट्रान्सम फुटणे हा अपघात म्हणता येत नाही, तो हिशेबच आहे. मी पट्टी फक्त मध्यावर चिकटवून वर आणि खाली लांबट भोकांतून स्क्रू घेतले, म्हणजे लाकडाला सरकायला वाव राहतो. निर्मात्याने आराखड्यातच ही दुरुस्ती केली तर दमट हवेतील ग्राहकाचेही काही बिघडणार नाही. कील आणि स्टेम यांच्या जोडांबाबत तक्रार नाही. तेथे चिकटवण्याबरोबर कांस्याचे बोल्ट दिले आहेत, आणि ओकसारख्या हालचाल करणाऱ्या लाकडात ते आवश्यकच आहेत. टॅनिनयुक्त ओकमध्ये लोखंड लवकर गंजते व लाकूड काळे पाडते, म्हणून संचात कोठेही लोखंडी खिळा नाही, हे पाहून समाधान वाटले.

बरगड्यांचा भाग हा सर्व बांधणीतील सर्वांत आनंदाचा भाग असतो आणि कोरड्या हवेत तोच सर्वांत आधी बिघडतो. ओकच्या पट्ट्या निर्मात्याने मुद्दाम ओलसर, वीस टक्क्यांहून अधिक ओलाव्याच्या, प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून पाठवल्या आहेत. ते बरोबरच आहे, कारण वाफेवर वाकवताना लाकडातील पाणी आणि उष्णता मिळून तंतूंना बांधून ठेवणारे लिग्निन मऊ करतात आणि भट्टीत वाळवलेले, बारा टक्क्यांखालचे लाकूड बाहेरच्या बाजूने तंतू उचलून तुटते. पुस्तिकेतील क्रमानुसार मात्र बरगड्या अगदी शेवटी, फळ्या पूर्ण झाल्यावर येतात, आणि तोपर्यंत पट्ट्या ‘सावलीत फळीवर ठेवाव्यात’ असे म्हटले आहे. कोरड्या हवेत या सूचनेचे पालन केले तर वाकवण्याच्या दिवशी हातात सरपण राहील. वेष्टन फोडू नये, फोडावे लागलेच तर पट्ट्या पाण्यात बुडवून ठेवाव्यात. पूर्ण वाळलेली पट्टी नंतर भिजवून मूळ गुण परत येत नाही, पाणी वरच्या थरातच राहते. वाफेच्या पेटीचे रेखाचित्र उत्कृष्ट आहे आणि २५ मिलिमीटर जाडीला एक तास हा दिलेला ठोकताळाही प्रचलित आहे. १२ मिलिमीटरच्या पट्टीला त्यानुसार अर्धा तास पुरतो, अधिक ठेवल्याने ती उलट ठिसूळ होते. कोरड्या वाऱ्यात पेटीबाहेर आलेली पट्टी झपाट्याने निवते, म्हणून पेटी होडीच्या अगदी शेजारी असावी, दारे-खिडक्या बंद असाव्यात आणि शिकंजे उघडून हाताशी ठेवलेले असावेत. वाकवायला मिळतो तो एखादा मिनिट, त्यापेक्षा जास्त नाही.

खिळ्यांबाबत दोन सूचना पुरेशा आहेत. चौकोनी तांब्याच्या खिळ्यासाठी पुस्तिकेत सांगितलेले भोक दमट सीडरला योग्य आहे. दहा टक्क्यांच्या सीडरमध्ये, विशेषतः फळीच्या टोकाजवळ, ते थोडे मोठे घ्यावे, नाहीतर खिळा आत जाताना फळी चिरते. वापरायच्या ड्रिलने आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर भोक पाडून पाहावे. दुसरी गोष्ट, पहिला कोरडा हंगाम संपल्यावर सर्व खिळे तपासून सैल झालेले पुन्हा ठोकून आवळावेत. फळीची जाडीही आकसते आणि चकतीखाली केसभर जागा होते. संचात खिळे आणि चकत्या मुबलक आहेत, हात कसलेला नसला तरी कमी पडणार नाहीत.

येथे थोडे विषयांतर क्षम्य ठरावे. कोरड्या हवेचा आणि लाकडी होडीचा संबंध नेहमीच वैराचा नसतो. गिझाच्या मोठ्या पिरॅमिडलगतच्या बंदिस्त खड्ड्यात १९५४ मध्ये सापडलेली खुफू राजाची नौका सुमारे ४३ मीटर लांब, मुख्यतः लेबनॉनच्या सीडरची आणि साडेचार हजार वर्षांपूर्वीची आहे. तिचे बाराशेहून अधिक सुटे भाग इतक्या चांगल्या अवस्थेत होते की ते पुन्हा जुळवून नौका उभी करता आली. तिच्या फळ्या दोरांनी एकमेकींना शिवलेल्या आहेत. दोराच्या शिवणीत लाकडाला थोडे हलायला वाव राहतो, आणि माझ्या समजुतीप्रमाणे लाकूड जखडून टाकण्यापेक्षा त्याला हलायला जागा देणारी रचना कोरड्या प्रदेशात केव्हाही सरस. या संचातील ट्रान्सम आखणाऱ्याने तिकडे एकदा पाहायला हरकत नव्हती.

सीलंट हा संचातील सर्वांत निरुपयोगी भाग ठरला, आणि त्याचे कारण मजेशीर आहे. दिलेले पॉलिसल्फाइड एकाच नळीतील, म्हणजे हवेतील बाष्प शोषून पक्के होणारे आहे. हवेत बाष्पच नसेल तर ते आठवडेच्या आठवडे चिकट राहते, त्यावर धूळ बसते आणि कीलची शिवण, म्हणजे कील आणि पहिली फळी यांचा सांधा, काळपट लगद्याने माखते. सांध्याजवळ पाण्याचा हलका फवारा मारून थोडा फरक पडतो. तरी कोरड्या हवेत राहणाऱ्याने दोन भाग मिसळून वापरायचे पॉलिसल्फाइड वेगळे घ्यावे, त्याचे पक्के होणे हवेवर अवलंबून नसते. इपॉक्सीची अडचण याच्या उलट आहे. बारा टक्क्यांखालच्या लाकडावर ते चांगले धरते, म्हणजे ओलाव्याच्या बाबतीत कोरडी हवा त्याच्या सोयीची आहे, पण उष्णतेत ते भांड्यातच घट्ट होते. तापमान दहा अंशांनी वाढले की वापरायला मिळणारा वेळ साधारण निम्म्यावर येतो. फळ्यांचे तिरपे जोड पहाटे करावेत, थोडेथोडे मिश्रण घ्यावे आणि ते पसरट भांड्यात ओतावे, एवढे सांभाळले की पुरते.

रंगकामासाठी पुस्तिका दोन पर्याय देते : बाहेरून रंग आणि आतून व्हार्निश, किंवा सर्वत्र जवसाचे तेल, पाइनचे डांबर आणि टर्पेंटाइन यांचे मिश्रण. दुसरा पर्याय दिसायला आणि वासाला मोहक आहे, दुरुस्तीलाही सोपा आहे, परंतु ओलाव्याची ये-जा तो फारच थोडी रोखतो. ज्या होडीला कोरड्या हवेत राहायचे आहे तिच्यासाठी मी रंगाची बाजू घेईन. रंग ओलावा थांबवत नाही, त्याचा वेग कमी करतो, आणि बदल सावकाश झाला तर लाकूड तो चिरल्याशिवाय सोसते. फळीच्या दोन्ही बाजूंना सारखे थर असावेत, कारण एक बाजू उघडी राहिली तर फळी पन्हळीसारखी वाकते. चढलेल्या कडांच्या आतील पृष्ठभागावर जोडण्यापूर्वीच एक थर द्यावा. नंतर तेथे ब्रश पोहोचत नाही. रंग फिका निवडावा. गडद रंगाची बाजू उन्हात फार तापते आणि तिच्यातील पाणी सर्वांत आधी जाते. व्हार्निश कोरड्या, गरम हवेत ब्रश फिरण्याआधीच ओढू लागते, म्हणून सावकाश उडणारे थिनर वापरावे. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या आपोआप पेट घेऊ शकतात हा इशारा पुस्तिकेत ठळकपणे दिलेला आहे, आणि तो प्रत्येकाने दोनदा वाचावा.

होडी पाण्यात उतरवण्याविषयीचे प्रकरण नदीकाठी किंवा बंदरात राहणाऱ्यासाठी लिहिलेले आहे. होडी उथळ पाण्यात बुडवून ठेवावी, दोन-तीन दिवसांत फळ्या फुगून शिवणी मिटतील, असा सल्ला तेथे आहे. ट्रेलरवरून होडी लांबच्या तलावावर नेणाऱ्याला तो अमलात आणता येत नाही. त्याने निघण्याआधी होडीत भिजवलेली गोणपाटे अंथरावीत आणि तळाशी केवळ काही सेंटिमीटर पाणी ठेवावे. होडी काठोकाठ भरू नये. प्रत्येक लिटरमागे एक किलो भार वाढतो, आणि बाहेरून पाण्याचा आधार नसताना दोन खांबांवर टेकलेल्या होडीचा तळ त्याने खचतो. हे गोडे पाणी आठवडाभर तसेच सोडणेही बरे नाही, कारण ओलावा २० टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिला की कुजवणारी बुरशी कामाला लागते. या होडीतून पहिल्यांदा पाणी झिरपले ते कीललगतच्या फळीच्या शिवणीतून आणि ट्रान्समच्या कोपऱ्यांतून. चढलेल्या कडा जवळजवळ कोरड्या राहिल्या. शिवणी मिटल्यावर होडी हलकी, वल्ह्यांना चटकन प्रतिसाद देणारी आणि वाऱ्यात स्थिर चालली. आराखड्याच्या या बाजूवर बोट ठेवायला जागा नाही.

उरलेल्या काळात होडी कोठे राहते, यावर तिचे आयुष्य ठरते, आणि पुस्तिकेत या विषयाला एकच ओळ मिळाली आहे. पत्र्याच्या छपराखाली तापणाऱ्या जागेपेक्षा झाडाची दाट सावली चांगली. आच्छादन हवा खेळती ठेवणारे पण थेट ऊन आणि वारा अडवणारे असावे, आणि होडी मातीच्या जमिनीपासून थोडी वर, आत पाय ठेवायच्या सुट्या फळ्या काढून, किंचित कलती ठेवावी.

विक्रीनंतरची सेवा तत्पर आहे. ट्रान्समच्या पट्टीविषयी लिहिलेल्या पत्राला उत्तर आले, त्यात लांबट भोकांची सूचना मान्य केली होती, आणि मागणी नोंदवताना सांगितल्यास फळ्या १० टक्क्यांपर्यंत वाळवून पाठवता येतात असेही कळवले होते. ही सोय जाहिरातीत कोठेही लिहिलेली नाही, म्हणून ती मागून घ्यावी. त्याच वेळी कीललगतच्या दोन्ही फळ्या उभ्या वलयांच्या हव्यात असे स्पष्ट लिहावे, ओकच्या पट्ट्या बांधणी तेवढी पुढे गेल्यावर वेगळ्या मागवाव्यात, आणि सीलंटच्या नळ्या वगळून घ्याव्यात. ज्याला तंबूतील आर्द्रता रोज पाहायची नाही, किंवा ज्याची होडी वर्षातून दोनदाच पाण्याला लागणार आहे, त्याने भरीव लाकडाऐवजी याच आकाराचा, प्लायवुडच्या चिकटवलेल्या फळ्यांचा संच घ्यावा. तो याच निर्मात्याकडे मिळतो आणि कोरड्या हवेत त्याला यांतले जवळजवळ काहीच करावे लागत नाही.